ठासणीवाले मल्लूअण्णा

"पावणं, आधी त्या भिंतीकडनं हिकडं या."

शिवाजी पेठेत खोली बघायला गेलो, तेव्हा मल्लूअण्णा माझ्याशी बोलले ते हे पहिलं वाक्य. मी दुकानाच्या उंबऱ्यावरून आत सरकलो. पन्नाशीचा, आखूड मानेचा एक माणूस खाली मांडी घालून बसला होता. गळ्यात लिंग, अंगात बंडी, मांडीवर लांब नळीची बंदूक. नळीचं तोंड कोपऱ्यातल्या वाळूच्या पोत्याकडं होतं. शेजारी एक हवालदार वैतागून उभा होता.

"अण्णा, रिकामी हाय ओ. निवडणुकीला जमा झालेली. दोन वर्सं आमच्या कोठीत पडलीया. निस्तं घोडं चालतंय का तेवढं बगा."

अण्णांनी लोखंडी गज नळीत सोडला, नळीच्या तोंडाशी गजावर अंगठ्याचं नख रोवलं, गज बाहेर काढून नळीच्या बाहेरून तसाच धरला. गजाचं टोक दारू पेटते त्या मागच्या भोकापर्यंत पोचायला हवं होतं. ते चार बोटं अलीकडंच राहिलं.

"दोन वर्सं भरलेली पडलीया, असं म्हना," अण्णा म्हणाले.

हवालदार रस्ता ओलांडून पलीकडच्या कट्ट्यावर जाऊन बसला. अण्णांनी नळीत पाणी ओतलं, थांबले, पुन्हा ओतलं. मग गजाला स्क्रूसारखा पेच लावून आतला बोळा, गोळी, भिजून काळा चिखल झालेली दारू असं एकेक बाहेर काढलं. तासभर गेला. मला निघून जाता येईना आणि थांबवतही नव्हतं. सगळं कागदावर मांडून झाल्यावर त्यांनी हात पुसले.

"खोली बगायची, का घर गाठायचं?"

मी बघतो म्हणालो. नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. कोल्हापुरातल्या एका कॉलेजात पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत सहाय्यक म्हणून मी नुकताच लागलो होतो आणि जयसिंगपुराहून रोज एसटीनं ये-जा करून कंटाळलो होतो. त्याआधी तीन ठिकाणी मी कांबळे असं आडनाव सांगितल्यावर खोली कालच दिली गेली होती. अण्णांनी आडनाव ऐकून घेतलं आणि विचारलं, "इडी, शिगरेट?"

"नाही."

"मग ऱ्हावा. खाली दारू असती. बंदुकीची."

त्या खोलीत मी अकरा वर्षं राहिलो.

अण्णांचं गाव निपाणीच्या पलीकडं. घरात कन्नड, दुकानात मराठी. बायकोला सगळी पेठ अव्वा म्हणायची. कोल्हापुरात बंदुका दुरुस्त करणारे आणखीही होते, पण ठासणीची बंदूक म्हणजे अण्णा असं आजऱ्या-भुदरगडापासून लोक धरून चालायचे. ठासणीची म्हणजे जिच्यात काडतूस नसतं. तोंडातून आधी दारू ओतायची, वर गोळी, मग गजानं ठासून बसवायची. डोंगराकडच्या शेतकऱ्यांकडं पीक राखायला परवान्यानं दिलेल्या अशा बंदुका असत. डुकरांच्या कळपावर बार टाकावा तर गोळी भलतीकडं जाई, आणि मग तो माणूस बंदूक पोत्यात गुंडाळून अण्णांकडं येई.

"नळी वाकडी हाय बगा अण्णा," तो म्हणे.

"नळी सरळ हाय. तू वाकडं ठासतुयास," अण्णा म्हणत.

त्यांचा सगळा शहाणपणा गोळीभोवतीच्या चिंधीत होता. गोळी नळीपेक्षा किंचित लहान असते. ती सैल बसली तर नळीत ठोकरा खात जाते. म्हणून तिच्याभोवती कापडाचा गोल तुकडा गुंडाळायचा. कापड जाड झालं तर गोळी खाली बसत नाही, पातळ झालं तर जळून फाटतं. अण्णा बार टाकून झाला की निशाण बघायला जायचे नाहीत. नळीपुढं दहा-पंधरा पावलांवर खाली वाकून ते आधी जळकी चिंधी शोधायचे, उजेडात धरून बघायचे. कडा कुरतडलेल्या आहेत का, मधे भोक पडलंय का, एकीकडंच काळं झालंय का.

"निशाण निस्तं चुकलं म्हनून सांगतंय," ते म्हणायचे. "कशानं चुकलं ते हिला ठाऊक."

माझे दाजी इचलकरंजीत मागावर होते. त्यांच्याकडून मी कापडाचे तुकडे आणायचो, प्रत्येक वेगळ्या विणीचा. अव्वा ते उकळत्या पाण्यात घालून खळ काढायच्या, दोरीवर वाळत टाकायच्या. पेठेतल्या बायका विचारायच्या, कुणाकडं बाळंतपण आहे का. प्रयोगशाळेतला जुना, मोडीत काढलेला तराजू मी साहेबांना विचारून अण्णांना दिला होता. त्यात ते ओतलेली प्रत्येक गोळी तोलायचे आणि जी वेगळी भरेल ती पुन्हा वितळवायचे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा त्यांचा नियम होता. दारू बदलली तर कापड तेच, कापड बदललं तर गोळी तीच. मी म्हणालो, आमच्याकडं पोरांना हेच शिकवतात. ते म्हणाले, "मग पोरं ऐकत न्हाईत वाटतं. तुमच्याकडचीच येत्यात की माझ्याकडं मोटारसायकलवरनं, बापाची बंदूक बिघडवून."

चाचणीसाठी त्यांना परवानगी होती ती शहराबाहेरच्या एका बंद पडलेल्या दगडाच्या खाणीत. सुट्टीच्या दिवशी सकाळी मी बरोबर जायचो. माझं काम वहीचं. प्रत्येक बाराची चिंधी वहीत चिकटवायची, शेजारी कापड, दारूचं माप आणि गोळ्या किती जागेत पडल्या ते लिहायचं. ही जागा अण्णा परात, भाकरी आणि पुरी अशी मोजायचे. पाच गोळ्या भाकरीएवढ्या जागेत पडल्या की शेतकऱ्याला बंदूक परत. पुरीएवढ्या जागेत पडल्या की अण्णा येताना अव्वांसाठी फुलं घ्यायचे.

दोन हजार साल उलटून गेल्यावर विक्रमदादा आले. भुदरगडाच्या बाजूला त्यांची मोठी बागायत, पंचक्रोशीत घराण्याचं नाव. वय तिशीच्या आत. पणजोबांची एक ठासणीची रायफल त्यांच्या परवान्यावर होती. नळीच्या आत पीळ असलेली, विलायती, देखणी. मेव्हणा अमेरिकेत. त्यानं एक मासिक आणि प्लास्टिकच्या छोट्या टोपणांची एक पिशवी पाठवली होती. तिकडचे लोक म्हणे आता ठासणीच्या रायफलीत कापडाऐवजी हे टोपण वापरतात. टोकदार गोळी टोपणात बसवायची. नळीत असेपर्यंत टोपण गोळीला धरून ठेवतं, पीळ देतं, आणि बाहेर पडल्यावर आपोआप गळून पडतं. दोनशे पावलांवरही गोळ्या एका जागी.

अण्णांनी टोपण हातात घेतलं, बोटावर चढवून बघितलं.

"झबलं हाय की हे," ते म्हणाले. त्या दिवसापासून त्याचं नाव झबलं.

मासिकातलं मी त्यांना वाचून दाखवलं. एका ठिकाणी त्यांनी मला थांबवलं. तिकडच्या त्या नव्या रायफलीत काळी दारू नव्हती. काडतुसात असते तसली बिनधुराची दारू होती.

"पुन्यांदा वाचा."

मी पुन्हा वाचलं.

"दादा, झबलं मी बसवून देतो," अण्णा विक्रमदादांना म्हणाले. "पर दारू काळीच. त्यांची नळी त्याच दारूसाठी घडवलेली असती. तुमची न्हाय. तुमच्या नळीत ती घातली तर पुढनं निघायच्या आधी मागनं निघंल."

"बरं," विक्रमदादा म्हणाले.

काम हाती घेण्याआधी अण्णांनी माझ्याकडून प्रयोगशाळेचा कॅलिपर मागवला आणि नळीची जाडी सहा ठिकाणी मोजून वहीत लिहायला लावली. खाली विक्रमदादांची सही घेतली.

त्या झबल्यानं दोन महिने खाल्ले. पहिल्या पाच गोळ्या परातीतही मावल्या नाहीत. पडलेली झबली अण्णांनी वेचून आणली. बुडं वितळलेली, पाकळ्या एकीकडं झुकलेल्या. काळ्या दारूच्या आगीला प्लास्टिक टिकत नव्हतं. अण्णांनी घोंगडीचे गोल तुकडे कापून दारू आणि झबलं यांच्यामधे घातले. लोकर आग अडवू लागली. गोळ्या परातीत आल्या, पण भाकरीत येईनात. पहिली-दुसरी गोळी नीट, तिसरीपासून पांगापांग. दोन रविवार असेच गेले. तिसऱ्या रविवारी त्यांनी बार झाल्यावर नळीवर तळहात ठेवला आणि तसाच ठेवून बसले.

"ऊन झालीया," ते म्हणाले. "झबलं आत मऊ पडतंय. धरतच न्हाय गोळीला."

मग नवा नियम झाला. प्रत्येक बारानंतर नळी पाण्यानं धुवायची, कोरडी करायची आणि तळहाताला गार लागेपर्यंत थांबायचं. चैत्रातलं ऊन. एका बाराला अर्धा-पाऊण तास. त्या रविवारी पाचही गोळ्या भाकरीत पडल्या.

विक्रमदादा घड्याळ बघत होते. "पाच बारांना अख्खी सकाळ, अण्णा? डुकरं थांबायची न्हाईत एवढी."

"डुकराला एक बार पुरतो. पाच तुमच्या हौशीला लागत्यात."

दादा हसले नाहीत. त्यांनी खाणीत मित्र आणले होते, त्यांच्यासमोर हे बोलणं झालं होतं.

पुढच्या खेपेला ते एकटे आले, जीपमधून. तीन बार झाले, तिन्ही पुरीच्या आत. नळी धुऊन गार करत ठेवली होती. अण्णा निशाणाचा कागद बदलायला साठ पावलं पलीकडं गेले. मी बाभळीच्या सावलीत वहीत लिहीत बसलो होतो. अण्णा परत येऊन बार टाकायच्या रेषेच्या मागं आले तेव्हा विक्रमदादा वाळूच्या पोत्यावर रायफल टेकवून पालथे पडले होते. घोडा चढवलेला होता.

"मीच भरली," ते मान न वळवता म्हणाले. "गार झालीवती."

अण्णा बार भरायला नेहमी एक पांढरं फडकं अंथरायचे. सांडलेला कणही दिसावा म्हणून. ते त्या फडक्याकडं बघत उभे राहिले. त्यावर काळे कण हवे होते. दोन-तीन बारीक, पिवळसर चकत्या होत्या, काडतुसातल्या दारूच्या.

"दादा, थांबा."

"एकच बार, अण्णा. कमीच घातलीया. निम्मी."

"बोट काडा."

"काय होत न्हाय. मेव्हण्याला फोन करून इचारलंय."

त्यांचं बोट चापावर होतं आणि गाल दस्त्याला टेकलेला. मागून हात घालावा तर झटका बसून बार सुटेल, हे मलाही कळत होतं. मी उठलो, पण पाय पुढं पडेना. अण्णा पोत्याला वळसा घालून चालत गेले आणि नळीसमोर उभे राहिले. चार हातांवर. रिकाम्या बंदुकीच्या तोंडासमोरून कुणी गेलं तर दुकानातून बाहेर घालवणारा माणूस.

"अण्णा, बाजूला व्हा. घोडा चढलाय."

"ठाव हाय."

"बाजूला व्हा म्हणतोय ना."

"फुडनं निघाली तर मी जाईन. मागनं निघाली तर तुमी जाशीला. मला काय कमी-जास्त दिसंना. तुमी ठरवा."

खाणीत वारा पडला होता. विक्रमदादांच्या कपाळावरचा घाम डोळ्यात उतरत होता आणि तो पुसायला त्यांना हात मोकळा नव्हता. किती वेळ गेला सांगता येत नाही. अण्णांचा आवाज मग अगदी खाली आला, तापलेल्या पोराशी बोलावं तसा.

"बोट भाईर घ्या. हां. आता अंगठा घोड्यावर ठेवा. घट धरा, घाई न्हाय. आता चाप वडा आनि अंगठ्यानं घोडं हळूच खाली सोडा. सोडा. झालं."

घोडा खाली बसला. अण्णांनी येऊन घोड्याखालची ठिणगी पाडणारी टोपी काढून घेतली, नळीत पाण्याचा सगळा तांब्या रिकामा केला आणि तिथंच बसले. बऱ्याच वेळानं त्यांनी नळीतलं सगळं उपसून काढलं, रायफल पुसून विक्रमदादांच्या हातात दिली.

"घेऊन जावा. माज्याकडं पुन्ना आनू नका."

परत येताना मी म्हणालो, "अण्णा, हे ठाण्यात कळवायला पाहिजे."

"मोठ्या घरचं पोरगं हाय. लई भ्यालंय. आता न्हाय करायचं."

मलाही ते पटल्यासारखं झालं.

आठ महिन्यांनी बातमी आली. विक्रमदादांच्या उसात डुकरं शिरली होती. त्यांच्या रखवालदारानं, महादूनं, बार टाकला आणि नळी मागच्या बाजूनं फुटली. महादूचा डावा तळहात गेला. अण्णांचं म्हणणं खरं होतं. विक्रमदादा भ्यालेच होते. म्हणून त्यांनी तीच दारू भरली आणि बंदूक दुसऱ्याच्या हातात दिली.

अण्णा ऐकून घेऊन आत गेले. दोन दिवस दुकान उघडलं नाही. तिसऱ्या दिवशी महादूला बघायला दवाखान्यात गेले. मीही होतो. महादू चाळिशीचा, शिरोळ तालुक्यातला, पोटासाठी तिकडं डोंगराकडं गेलेला. त्याला ठाऊकच नव्हतं की दारू दारूत फरक असतो. "दादा म्हनले, भरून दिलीया, जा," एवढंच तो सांगत होता. अण्णांनी त्याच्या पायथ्याशी बसून सगळं ऐकलं आणि बाहेर येऊन जिन्यात बसले.

आठवड्याभरात कळलं की विक्रमदादांच्या घरून वेगळाच जबाब गेलाय. झबलं बसावं म्हणून अण्णांनी नळी आतून घासली, त्यानं ती पातळ झाली आणि फुटली. मला कॉलेजात एक गृहस्थ भेटून गेले. संस्थेच्या लोकांत त्यांची ऊठबस होती. माझी नोकरी अजून कायम झाली नाही ना, याची त्यांनी आपुलकीनं चौकशी केली. मी घरी आलो तेव्हा माझ्या चेहऱ्यावर ते असावं.

"मास्तर, वही तुमी माज्याकडं द्या आनि गप बसा," अण्णा म्हणाले. "तुमचं नाव नगं त्यात."

"अक्षर माझं आहे, अण्णा."

"व्हय, ते हाय."

जबाबाला ठाण्यात आम्ही दोघं गेलो. अव्वाही आल्या होत्या. साहेबांनी वहीचं पान न् पान बघितलं. चिकटवलेल्या चिंध्या, वितळलेली झबली, घोंगडीचे तुकडे, नळीची सहा मापं, विक्रमदादांची सही. फुटलेल्या नळीच्या शाबूत राहिलेल्या भागाची मापं त्यांनी पुन्हा घेतली होती. ती जुळत होती. माझा जबाब झाला, अण्णांचा झाला. साहेबांनी कागद पुढं सरकवला.

"झालं अण्णा. तुमचा काही दोष दिसत नाही. सही करा."

अण्णांनी पेन उचललं नाही. "अजून लिवायचं हाय."

आणि त्यांनी खाणीतली गोष्ट सांगितली. पिवळ्या चकत्या, चढवलेला घोडा, आठ महिन्यांपूर्वीची तारीख. साहेब मधेच थांबले.

"हे लिहिलं तर तुमच्यावर येतं. माहीत असून कळवलं नाही, असं होतं. तुमचा परवाना आहे, लक्षात घ्या."

"मी तवा सांगितलं असतं तर ती बंदूक जमा झाली असती. त्या मानसाचा हात ऱ्हायला असता."

"अण्णा, हे कुणी विचारलेलं नाही तुम्हाला."

अण्णांनी अव्वांकडं बघितलं. त्या कन्नडमधे दोनच शब्द बोलल्या. नंतर मी विचारलं तेव्हा कळलं, त्या म्हणाल्या होत्या, लिहू दे.

साहेबांनी लिहून घेतलं. त्या जबाबामुळंच विक्रमदादांना ती दारू धोक्याची आहे हे आधीपासून ठाऊक होतं, हे शाबीत झालं. त्यांचा परवाना गेला, खटला उभा राहिला, महादूला भरपाई मिळाली. आणि वर्ष संपल्यावर अण्णांच्या दुकानाच्या परवान्याचं नूतनीकरण झालं नाही. कारण लेखी आलं होतं. अण्णांनी ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं आणि म्हणाले, "बरोबर लिवलंय." माझी नोकरी कायम व्हायला मात्र आणखी चार वर्षं लागली.

दुकान आवरून ती दोघं लेकीकडं जयसिंगपूरला गेली. जाताना अण्णांनी हत्यारं कुणाला दिली, हे मी विचारलं नाही.

मी त्यांना शेवटचं बघितलं ते तिथंच, तीन-चार वर्षांनी, सकाळी नऊच्या सुमाराला. गावाकडं आलो होतो आणि परतीच्या गाडीसाठी स्टँडकडं निघालो होतो. व्यापारपेठेतल्या एका पेंडीच्या दुकानापुढं अण्णा उभे होते. केस पूर्ण पांढरे, अंग उतरलेलं. समोर महादू सायकलवर बसला होता. त्या दुकानात त्याला अण्णांनीच लावलं होतं, हे मला तेव्हा कळलं. पत्त्यावर माल पोचवायचं काम. सायकलचे दोन्ही ब्रेक उजव्या मुठीला आणलेले होते, एकाखाली एक. डाव्या बाजूला मनगट अडकेल असा चामड्याचा पेला होता, आतून मऊ कापड लावलेला.

"सैल वाटतंय का?" अण्णा विचारत होते.

"न्हाय. बरोबर हाय."

"काल काचतंय म्हनलावतास."

"काल काचत होतं. आज न्हाय."

अण्णांनी तरी पट्टा सोडला, एक भोक मागं घेऊन पुन्हा लावला, महादूचं मनगट आत हलवून बघितलं. मागच्या कॅरेजवर पेंडीचं पोतं होतं. महादू निघाला. पहिली दोन-चार पावलं सायकल डगमगली, मग सरळ झाली. अण्णा रस्त्याच्या मधोमध उभे राहून बघत होते. मागून आलेली रिक्षा त्यांना वळसा घालून गेली.

मी हाक मारली. त्यांनी मान वळवून मला ओळखलं, हात वर केला, आणि पुन्हा तिकडंच बघू लागले.

"डावीकडं वळताना अजून भितोय," ते म्हणाले. "जरा थांबा मास्तर. त्येवढं वळन घेऊ दे त्येला."

मी त्यांच्या शेजारी उभा राहिलो. कोपऱ्यावर महादूनं वेग कमी केला, अंग थोडं तिरकं केलं आणि डावीकडं वळला.

"हां," अण्णा म्हणाले. मग माझ्याकडं वळून त्यांनी विचारलं, "च्या घेनार?"